पायलट व्हायचंय म्हणजे नक्की काय व्हायचंय?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



समितीने मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी फोन करून विषय बदलून घेतला. आयटीबद्दल तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि ज्यांना नाही त्यांना यूट्यूब आहे. आज ज्याबद्दल बोलणार आहे तेही यूट्यूबवर आहे, अगदी ढिगाने आहे. पण गेलं दीड वर्ष मी तो ढीग उपसते आहे. त्यातलं खरं किती आणि क्लासवाल्यांची जाहिरात किती, हे निवडण्यात माझा जो वेळ गेला तो तुमचा तरी वाचावा. विषय असा आहे: आपल्या मुलाला किंवा मुलीला सैन्यात पायलट व्हायचं असेल, तर कोणत्या दाराने आत जायचं?

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम. एका कंपनीची ऑफर हातात आहे. आणि तिला हेलिकॉप्टर चालवायचंय. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नाशिक रोडच्या मुलीला हेलिकॉप्टरचं वेड लागलं तर त्यात नवल कसलं? मुलगी पुण्यात वाढली, पण प्रत्येक सुट्टी आबांकडे, जेल रोडला. आणि आपण तर त्या आवाजातच शिकलो. ते चेतक-चीता गांधीनगरच्या बाजूने यायला लागले की बाई खडू तसाच धरून थांबायच्या आणि आवाज गेला की अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करायच्या. बाई, तुम्ही हसताय, पण आम्ही त्या मध्यंतराची वाट बघायचो. मजा म्हणजे एवढी वर्षं ते डोक्यावरून जात होते, आणि ते चालवणारा माणूस कोण, तो तिथे कसा पोहोचला, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. आपल्या घरांत नोकरी म्हणजे नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस, एकलहऱ्याचं पॉवर स्टेशन, रेल्वे. आकाशातल्या नोकरीचा अर्ज कुठे मिळतो हे बिटको चौकात कुणालाच माहीत नव्हतं.

तर आधी आपल्या गावाचं. गांधीनगरला जे आहे ते हवाई दलाचं नाही, लष्कराचं आहे. हा फरक आपल्याकडेही पुष्कळांना माहीत नसतो. लष्कराला स्वतःचे पायलट लागतात, याचं मूळ तोफखान्यात आहे. तोफ डोंगरापलीकडे डागायची तर गोळा कुठे पडला ते वरून बघून सांगणारा कुणीतरी हवा. त्या कामाला एअर ओपी म्हणत, म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी, आणि ते काम तोफखान्याचेच अधिकारी करत. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, म्हणून हेलिकॉप्टरं आपल्या नशिबी आली. पुढे १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झालं, आणि आज गांधीनगरला कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. पेपरात 'कॅट्स' म्हणून येतं ते हेच. लष्करातल्या हेलिकॉप्टर पायलटांना छातीवरचे पंख, म्हणजे 'विंग्ज', इथे मिळतात.

२५ मे २०२२ ला इथल्या समारंभात कॅप्टन अभिलाषा बराक यांना ते पंख मिळाले. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर पायलट. त्यांच्याबरोबर ३६ पुरुष अधिकारी होते. बराक हरियाणाच्या, वडील लष्करात कर्नल. दिल्लीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.टेक. केलं, अमेरिकेत डेलॉइट कंपनीत नोकरी केली, ती सोडून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत आल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आर्मी एअर डिफेन्समध्ये अधिकारी झाल्या. पंख त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी आले.

आमच्या घरात या बातमीचं कात्रण आहे. आबांनी कापून ठेवलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, नोट प्रेसमधून रिटायर झालेले. मुलगी तेव्हा बारावीच्या उंबरठ्यावर होती आणि तिच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. दोन वर्षांनी तिने ते कात्रण मागून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्स, परदेशी कंपनी, आणि नाशिक. तिला वाटलं हे आपल्याचसाठी छापलंय.

पण त्या बातमीच्या आधीची एक बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी जाहीर केलं की आर्मी एव्हिएशनमध्ये महिलांनाही पायलट होता येईल. तोपर्यंत महिला अधिकारी तिथे होत्या, पण एअर ट्रॅफिक कंट्रोल आणि जमिनीवरच्या कामांत. मग पहिल्या निवडीसाठी नावं मागवली. पेपरात आलं होतं की १५ महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली आणि पायलटच्या अभिरुची चाचणीतून आणि वैद्यकीय तपासणीतून पार पडल्या त्या दोघी.

पंधरापैकी दोघी. सगळ्यांनी त्या दोघींबद्दल लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. मी मात्र उरलेल्या तेरा जणींपाशी अडकले. त्या कुठे गेल्या? घरी नाही गेल्या. आपापल्या युनिटमध्ये परत गेल्या, अधिकारी म्हणूनच. कुणी एअर डिफेन्समध्ये, कुणी सिग्नल्समध्ये, जिथल्या त्या असतील तिथे. लष्करात आधी अधिकारी होतात आणि पायलट नंतर, झालात तर. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचमध्ये पहिल्या दिवसापासून पायलट म्हणूनच घेतात. कोणतं दार, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या फरकात आहे. वयाची अट, मार्कांची अट, सगळं त्यानंतर.

आता दारं सांगते. मी इंजिनिअर आहे, तेव्हा जे दार आधी बंद होतं ते आधी.

पहिलं एनडीए, खडकवासला. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. तीन वर्षं खडकवासल्याला, मग एक वर्ष ज्या दलात जाणार त्याच्या अकादमीत. आपण बारावीला होतो तेव्हा हे दार मुलींना नव्हतंच. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, त्याच नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा परीक्षेला बसल्या, आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या. पण आकडा नीट बघा. अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागा असतात आणि त्यात मुलींसाठी दोन. अख्ख्या देशातून दोन. हे सांगून मी कुणाच्या मुलीला परावृत्त करत नाही. पण क्लासच्या फ्लेक्सवर हा आकडा नसतो, म्हणून इथे सांगते. एनडीएची जमेची बाजूही मोठी आहे: कायमचं कमिशन मिळतं, आणि पायलटची चाचणी जमली नाही तरी बाकी निवड झाली असेल तर लष्कर किंवा नौदलासाठी विचार होतो.

ज्यांची मुलं आज दहावीत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी १९७७ पासून संभाजीनगरला आहे. अकरावी-बारावी तिथे राहून शिकायचं आणि एनडीएची तयारी करायची. मुलींसाठी तशी संस्था २०२३ मध्ये सुरू झाली आणि ती आपल्या नाशिकमध्येच आहे. हे मला पुण्यात कळलं, नाशिकमधल्या माझ्या दोन मैत्रिणींना माहीत नव्हतं.

दुसरं दार एफकॅट. हवाई दलाची स्वतःची परीक्षा, वर्षातून दोनदा. फ्लाइंग ब्रांचसाठी वय २० ते २४, पदवीला ६० टक्के, आणि बारावीच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात निदान ५० टक्के. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात. व्यावसायिक पायलटचा परवाना असेल तर वय २६ पर्यंत चालतं. ज्यांच्याकडे एनसीसीच्या एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट आहे त्यांना लेखी परीक्षेशिवाय वेगळी वाट आहे, म्हणून मुलगी अकरावीत असेल तर कॉलेज निवडताना तिथे एअर विंग आहे का हे विचारा. पदवीधर मुलांना यूपीएससीच्या सीडीएसमधूनही फ्लाइंगला जाता येतं आणि कायमचं कमिशन मिळतं. मुलींना फ्लाइंगसाठी एफकॅट.

एफकॅटचं कमिशन शॉर्ट सर्व्हिस असतं, फ्लाइंगसाठी १४ वर्षं. पेन्शन नाही. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आत गेलेली मुलगी अडतिसाव्या वर्षाच्या आसपास बाहेर. माझ्या नवऱ्याने, तोही आयटीतलाच, हे ऐकल्याबरोबर लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केलं. एका रांगेत तिच्या ऑफरचं पॅकेज, दुसरीत मूळ पगार ५६,१०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, पुढे भत्ते. चौदा वर्षांचं गणित मांडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यात एक कॉलम कमी आहे." कुठला ते तिने सांगितलं नाही. शीट अजून तसंच आहे.

तिसरं दार लष्कराचं, अभिलाषा बराक गेल्या ते. चेन्नईची अकादमी, ४९ आठवडे. पदवीधरांना सीडीएसची लेखी परीक्षा देऊन २५ पर्यंत, आणि इंजिनिअरांना टेक्निकल एंट्रीतून २७ पर्यंत, तिथे लेखी परीक्षाच नाही, पदवीच्या मार्कांवर मुलाखतीला बोलावतात. कमिशन दहा वर्षांचं, आणखी चार वाढू शकतात. फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिलांना कायमच्या कमिशनचीही वाट मोकळी झाली. अकादमीतून आधी एखाद्या शाखेत जायचं, तिथे काम करायचं, मग एव्हिएशनसाठी नाव द्यायचं. २०२३ पासून तोफखान्यातही महिला अधिकारी जातात, म्हणजे आपल्या देवळालीचा रस्ताही उघडला.

नौदल मी धावतं सांगते कारण त्याचा मी खोल अभ्यास केलेला नाही. तिथेही पायलट आहेत, डिसेंबर २०१९ मध्ये सब लेफ्टनंट शिवांगी या पहिल्या महिला पायलट झाल्या. ज्यांची मुलं मुंबईत वाढली त्यांनी तिकडे बघावं.

आता जिथे सगळ्यात जास्त घरं अडखळतात ते. लेखी परीक्षेनंतर एसएसबी, पाच दिवसांची मुलाखत. हवाई दलाचं एक मंडळ गुजरातच्या गांधीनगरला आहे. आपल्याच एका वर्गमित्राच्या मुलाला तिथलं पत्र आलं, तर आजी म्हणाली, चला बरं झालं, रिक्षाने जाता येईल. तर ते गांधीनगर वेगळं. एसएसबी पास झाल्यावर फ्लाइंगवाल्यांची वेगळी चाचणी असते, सीपीएसएस. डायल बघून विमान कुठे झुकलंय, वर चाललंय की खाली, हे ओळखायचं, आणि मग एका यंत्रावर बसून हात, पाय, डोळे, कान एकाच वेळी वापरायचे. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झालात की हवाई दलाच्या फ्लाइंगचं दार कायमचं बंद. एसएसबी पुन्हा देता येते, ही नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक गोष्टीला 'पुन्हा चालवून बघू' म्हणणारी माणसं. असं एकदाच चालणारं काही मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर वैद्यकीय. हवाई दलाच्या पायलटला उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, मुलगा असो की मुलगी. त्यात भर म्हणजे नुसती उंची नाही: पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, मांडीची लांबी ६४ पेक्षा जास्त नको. कारण सरळ आहे, कॉकपिट माणसाप्रमाणे बदलत नाही. पाय पेडलपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि उडी मारून बाहेर पडायची वेळ आली तर गुडघे समोर आपटता कामा नयेत. आम्ही शिंप्याची टेप आणून मुलीला भिंतीला टेकवून मोजलं. १६४. बाकीची मापंही बसली. दोन सेंटिमीटरसुद्धा जास्त नाही, दीड. तेवढ्यावर आमच्या घरात पेढे आले असते.

आणि डोळे. फ्लाइंगला लांबचं कमी दिसण्याचा चष्मा अजिबात चालत नाही. एक डोळा ६/६, दुसरा ६/९ पर्यंत, तोही फक्त जवळच्या नंबरामुळे असेल आणि चष्म्याने ६/६ होत असेल तर. रंगही पूर्ण ओळखता आले पाहिजेत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, क्लासची फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांची फी भरा. मुलगा दोन वर्षं एनडीएची तयारी करतो, लाख-दीड लाख जातात, आणि मग वैद्यकीयला कळतं की उणे पाऊण नंबर आहे. अशी दोन घरं मी स्वतः बघितली आहेत. त्या मुलांचा त्यात काय दोष? मोबाइल आपणच दिला.

मागच्या दिवाळीत हे सगळं मी आबांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून समजावत होते. कोणतं दार आधी, कोणत्या वयापर्यंत, कुठे किती जागा. आबांनी सगळं ऐकलं आणि नातीला एकच विचारलं.

"त्या पंधरातल्या दोघींपैकी झालीस तर आनंदच आहे. तेरापैकी झालीस तर चालेल का तुला?"

मुलगी काही बोलली नाही. पुढचे आठ दिवसही नाही. मला वाटलं आबांनी उगाच तिचा उत्साह घालवला, आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मी प्रेसमध्ये पस्तीस वर्षं काढली. मला मशीन सेक्शन हवं होतं, मिळालं मोजणीचं. मोजणीत माणूस सुखी राहू शकतो, पण आधी माहीत असलं तर." त्यांची ही गोष्ट मी सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली.

मुलगी मात्र त्या आठ दिवसांत वाचत होती. एअर डिफेन्स म्हणजे काय करतात, सिग्नल्स म्हणजे काय. नवव्या दिवशी मला म्हणाली, "आई, तोफेचं मला माहीत नाही. पण रडार मला आवडेल. खरंच आवडेल. चार वर्षं मी तेच शिकलेय." आणि मग आबांना फोन करून सांगितलं, "आबा, चालेल. पण आधी दोघींपैकी व्हायचा प्रयत्न करणार."

याउलट उत्तर आलं असतं, 'नाही, मला फक्त उडायचंय', तरी ते तेवढंच प्रामाणिक ठरलं असतं. मग लष्कराचं दार मी तिला सुचवलंच नसतं. ज्या मुलीला फक्त विमानच हवंय तिने पाच वर्षं दुसऱ्या शाखेत वाट बघत बसू नये. ती त्या शाखेलाही न्याय देणार नाही, तिच्या हाताखालच्या जवानांनाही नाही. तिने हवाई दलाचं फ्लाइंग मागावं, नाही मिळालं तर पदवी आहे, खासगी विमान कंपन्या आहेत, पैसा लागतो पण वाट आहे. आणि ज्या मुलाला गणवेश हवाय आणि उडता आलं तर दुधात साखर, त्याने लष्कर जरूर बघावं. दोघंही "पायलट व्हायचंय" असंच म्हणतात. शब्द एकच, इच्छा दोन. घरी बसून हे आधी विचारून घ्या. एसएसबीतले लोक तर विचारणारच आहेत.

भीतीबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही, कारण माझ्या आईने मला हाच एक प्रश्न विचारला. आपण नववीत होतो तेव्हा, १९९४ मध्ये, हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचं विमान एकटीने उडवलं. पहिल्या महिला. आपण अकरावीत असताना, डिसेंबर १९९६ मध्ये, त्या विमान अपघातात गेल्या. चीता आणि चेतक ही एका इंजिनाची, जुन्या आराखड्याची हेलिकॉप्टरं आहेत. सियाचीनला माणसं आणि सामान त्यांनीच पोहोचवलं, कारगिलला गुंजन सक्सेना यांनी चीताच उडवलं, हे सगळं खरं. पण त्यांचे अपघातही पुष्कळ झाले. २०१५ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने ही हेलिकॉप्टरं बंद करा म्हणून तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे मागणी केली होती. ध्रुव, रुद्र, प्रचंड ही नवी हेलिकॉप्टरं आली आहेत, तरी जुनी पूर्ण गेलेली नाहीत. लहानपणी ज्या आवाजाने तास थांबला की आपण खूश व्हायचो, तो आवाज आता मला वेगळा ऐकू येतो. इंजिनाची लय बदलली की मी मान वर करते. आईला मी खोटं सांगितलं नाही. धोका आहे, म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या प्रेसला रात्रपाळीला जायचे तेव्हा मी जागीच असायचे. तूही राहशील जागी." आणि भाजी चिरायला लागली.

जाता जाता एक सांगते. आपल्या वर्गातल्या मुलींना वाट नव्हतीच असं नाही. १९९२ नंतर हवाई दलात आणि लष्करातही पदवीधर मुलींना शॉर्ट सर्व्हिस सुरू झालं होतं. आपण इंजिनिअर झालो, बी.एस्सी. झालो तेव्हा ती जाहिरात पेपरात येत होती. फायटर तेव्हा नव्हतं, ते २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांच्यापासून. पण ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर होतं. आपल्यापैकी एकीला तरी मी ओळखते जिला ते जमलं असतं. ती मागच्या रांगेत बसली आहे, खो-खोत तिला कुणी पकडू शकायचं नाही. तिची मुलगी नववीत आहे.

माझी मुलगी आज आलेली नाही, तिचे सबमिशन चालू आहेत. तिने एफकॅटचा अर्ज भरला आहे, आणि त्यात टेक्निकल ब्रांचचा पर्यायही दिला आहे. लष्कराच्या टेक्निकल एंट्रीची जाहिरात आली की तोही भरणार. कंपनीला जून अखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. सीपीएसएसला बोलावणं आलं तर ते दोन-तीन तास कसे काढायचे याची तयारी आम्ही दोघी आतापासून करतो आहोत, म्हणजे ती अभ्यास करते आणि मी घरात शांत बसायचा सराव करते.

वयाच्या अटी आणि मापं लिहिलेले कागद मी बाईंच्या टेबलावर ठेवले आहेत, चाळीस प्रती आहेत. जाहिरातीत अटी बदलतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरातच वाचा, माझा कागद नाही. शिंप्याची टेप मी आणली आहे. ज्यांची मुलं बरोबर आली आहेत त्यांनी जेवणानंतर स्टेजच्या डाव्या भिंतीपाशी या. चपला काढून उभं राहायचं.